पंढरपूर : वाट आणि दार

पंढरपूरविषयी मराठीत जे चांगले गद्य लिहिले गेले ते बहुतेक वाटेविषयीचे आहे. गावाविषयीचे फार थोडे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातल्या निबंधाचे नावच 'वाटचाल'. दि. बा. मोकाशी १९६१ साली ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालत गेले आणि १९६४ साली त्यांचे पुस्तक आले, त्याचे नाव 'पालखी'. दोन्ही नावांत चालणे आहे, पोचणे नाही. त्यानंतर वारीवर जे लेख, स्फुटे, छायाचित्रांची पुस्तके निघाली त्यांनीही हीच तऱ्हा उचलली. दिवेघाट, रिंगण, टाळ-मृदंग, पावसात भिजलेली म्हातारी, 'माउली' म्हणून एकमेकांच्या पाया पडणारी माणसे. मग पंढरपूर येते आणि लेख संपतो.

हे असे का होते, हा माझ्या मते मराठी समीक्षेने विचारायला हवा होता असा प्रश्न आहे. तो विचारला गेला नाही याचे कारण उघड आहे. वाट कोणाच्या मालकीची नसते. वाटेवर चालणाऱ्याला अडवायला तेथे पुजारी नसतो. अस्पृश्यांची दिंडीही त्या वाटेने चालू शकत होती, तिची जागा वेगळी, तिचा मुक्काम वेगळा, एवढेच. म्हणून वाटेवर समता स्वस्त असते. प्रश्न उभा राहतो तो वाट संपते तेथे, म्हणजे दाराशी. आणि ज्यांच्यासाठी ते दार कधी बंदच नव्हते त्यांना दारावर लिहिण्यासारखे काही दिसले नाही, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

इरावतीबाईंचा निबंध मी गेली काही वर्षे वर्गात शिकवते. तो मला आवडतो हे आधीच सांगते, नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणेल की यांना प्रत्येक ठिकाणी जातच दिसते. जात दिसली ती इरावतीबाईंनाच. एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे त्यांनी पाहिले, लिहिले, आणि त्याचे त्यांना रोज वाईट वाटत राहिले. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या. जेवल्यानंतर त्या बायका त्यांच्या जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, आपल्या घरचे सांगू लागल्या, शेवटी 'ताई' म्हणू लागल्या. एका जेवणाने काय होते, याचा इतका साधा आणि खरा पुरावा मराठीत क्वचित सापडेल. ज्या काळात आपले कथाकार गावाकडच्या बाईला पाणवठ्यावरच पाहत होते, त्या काळात एक विदुषी तिच्या ताटाशी जाऊन बसली, ही गोष्ट लहान नाही.

पण भेदावर त्यांनी घेतलेला आक्षेप कसा आहे तो पाहा. सगळे स्वच्छ आहेत, सगळे आंघोळ करून जेवणारे आहेत, मग ही वेगळी पंगत कशासाठी, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रार मनापासूनची आहे. तिच्यात गृहीत काय धरले आहे? स्वच्छता हा एकत्र जेवण्याचा परवाना आहे, हे. समोरचा स्वच्छ आहे म्हणून त्याच्याशी भेद करणे अन्यायाचे. ठीक. आणि ज्याच्या वाट्याला समाजाने घाणच दिली, त्याचे काय? ज्या माणसाने ही दिंडी पुढे गेल्यावर मागे राहिलेले सारे उचलले, त्याने आंघोळ कधी करायची, कोणत्या पाणवठ्यावर करायची, आणि ती केल्यावर तो कोणाच्या पंगतीत बसणार? इरावतीबाईंचा युक्तिवाद ब्राह्मण आणि मराठा यांच्यामधली रेघ पुसायला पुरतो. त्या रेघेच्या खाली जी रेघ आहे तिला तो हात लावीत नाही. उलट ती पक्की करतो. निबंध पुस्तकात आला तेव्हा पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडून दोनच वर्षे झाली होती, हे लक्षात ठेवून तो वाचला तर ही गोष्ट अधिक टोचते.

सहाशे वर्षांपूर्वी सोयराबाईने हा युक्तिवाद मुळातूनच उखडला होता. चोखोबाची ही बायको म्हणते त्याचा आशय असा की विटाळापासूनच देह घडतो, विटाळावाचून जन्मलेला एक तरी देह दाखवा. तिने स्वतःची स्वच्छता सिद्ध करण्याची उठाठेव केलेली नाही. तुमची स्वच्छता कोठून आली ते सांगा, असे तिने विचारले. एका बाजूला समाजशास्त्र शिकलेली, जर्मनीत जाऊन डॉक्टरेट मिळवलेली विदुषी, आणि दुसऱ्या बाजूला गावकुसाबाहेरची निरक्षर बाई. विचाराची झेप कोणाची लांब, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या अभ्यासक्रमांत 'वाटचाल' असते. सोयराबाई असली तर 'संत कवयित्री' या प्रकरणात एका परिच्छेदापुरती, तीही 'चोखामेळ्याची पत्नी' म्हणून.

मोकाशींची जात वेगळी. (येथे जात हा शब्द मी लेखकाच्या अर्थाने वापरते.) त्यांचे पुण्यात रेडिओदुरुस्तीचे काम, डोळा बारीक, स्वभाव संशयी. त्यांचा प्रश्न श्रद्धेचा आहे : यांच्याजवळ हे आहे, माझ्याजवळ का नाही? त्यामुळे ते माणसांचे बोलणे इरावतीबाईंपेक्षा अधिक ऐकतात आणि निष्कर्ष कमी काढतात. 'पालखी'त कंटाळा आहे, चिखल आहे, पायाचे फोड आहेत, आणि म्हणून ते पुस्तक प्रामाणिक वाटते. परंतु श्रद्धा आहे की नाही हा प्रश्न ज्याला पडतो त्याला देव आधी उपलब्ध असावा लागतो. माझ्या पणजीला असा प्रश्न पडायला उसंत नव्हती. ती वारीला जाई, महाद्वारापाशी चोखोबाच्या समाधीवर डोके ठेवी, आणि परत फिरे. तिची यात्रा तेथे संपे. देव आहे की नाही हे तिने कसे ठरवावे? तिने तो पाहिलाच नव्हता.

आता ती समाधी. नामदेवांच्या पायरीसमोर आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधण्याच्या वेठीवर असताना भिंत कोसळून चोखोबा १३३८ साली गेला. नामदेवांनी त्याची हाडे आणून येथे पुरली, असे संप्रदाय सांगतो. म्हणजे हा संत मेला तोही वेठीवर, आणि पुरला गेला तोही दाराबाहेर. या दोन गोष्टी एकत्र ठेवून आमच्या किती कीर्तनकारांनी, किती समीक्षकांनी विचार केला? 'हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले' यावरच सारे थांबतात. भिंत कोणाची होती, मजुरी काय होती, हे विचारणे रसहानी करणारे ठरते.

महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) चोखोबाची जी कथा आहे ती तर फारच बोलकी आहे. देव रात्री चोखोबाला हात धरून गाभाऱ्यात नेतो. पुजारी संतापतात आणि त्याला चंद्रभागेपलीकडे घालवतात. तो पलीकडे राहतो, तेथे दीपमाळ बांधतो. देव रोज नदी ओलांडून त्याच्याकडे जेवायला जातो. एकदा वाढताना बायकोच्या हातून दही देवाच्या पीतांबरावर सांडते, चोखोबा तिला काही बोलतो, वाटेने जाणारा ब्राह्मण ते ऐकतो आणि चोखोबाच्या थोबाडीत मारतो. नंतर देवळात जाऊन पाहतो तर देवाचा पीतांबर दह्याने भिजलेला आणि गाल सुजलेला. ही कथा ऐकून कीर्तनात लोकांच्या डोळ्यांना पाणी येते. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्याही येई. मला मात्र या कथेची रचना पाहून लेखकाच्या हुशारीचे नवल वाटते. देव नदी ओलांडतो, देव मार खातो, देव आपले सोवळे मोडतो. जे काही करायचे ते देव करतो. दाराला, कड्यांना, बडव्यांच्या हक्काला कोठेही धक्का लागत नाही. देवाचा गाल सुजला, नियम जसाच्या तसा राहिला. अन्यायाची सगळी जबाबदारी देवाच्या करुणेवर ढकलून माणसांना मोकळे सोडण्याची ही युक्ती आहे, आणि आपल्या सहृदय समीक्षेने तिला 'भक्तीतील समता' असे नाव दिले आहे. चोखोबाचा मुलगा कर्ममेळा या समतेला फसला नव्हता. हा जन्म आम्हाला दिलासच का, असे तो देवाला सरळ विचारतो. त्याच्या अभंगांत भक्ती कमी आणि जाब अधिक आहे. म्हणूनच तो निवडक संग्रहांत कमी सापडतो.

हे दार उघडले १० मे १९४७ रोजी. साने गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मेपासून पंढरपुरात उपोषण केले. गुरुजींच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. पण चोखोबाच्या मृत्यूपासून मोजले तर ही सहाशे नऊ वर्षे होतात, आणि येवल्याच्या घोषणेपासून मोजले तर बारा. बाबासाहेबांनी २ मार्च १९३० रोजी नाशिकला, दुसऱ्या एका नदीकाठच्या क्षेत्री, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. दार उघडत नाही हे कळल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी ते घरच सोडण्याचे जाहीर केले. म्हणजे पंढरपूरचे दार उघडले तेव्हा त्याच्यासमोर उभे राहणारे लोक मनाने निघून चालले होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र १९४७ चे उपोषण कळसासारखे येते आणि १९३० चा सत्याग्रह 'सामाजिक पार्श्वभूमी' या मथळ्याखाली येतो. दार उघडण्यापूर्वी सनातन्यांनी मूर्तीतले तेज मंत्राने काढून पाण्याच्या घागरीत ठेवले, असे सांगतात. हा प्रसंग कोणा मराठी नाटककाराला का सुचू नये, हे मला समजत नाही. एवढे चांगले प्रहसन आयते पडून आहे.

पंढरपूरविषयी सर्वांत मोठे वाक्य मराठीत कोणी उच्चारले असेल तर ते मला धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात सापडते. रमाबाईंना पंढरीला जायचे होते. बाबासाहेबांनी नकार दिला. मूर्तीपासून दूर उभे राहावे लागते ते कसले पंढरपूर, आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यांनी पंढरपूर पाहिले नाही. या प्रसंगाकडे आपल्याकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते. एक तऱ्हा नवऱ्याचा बाणेदारपणा पाहते, दुसरी बायकोचा भाबडेपणा. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. रमाबाईंची इच्छा भाबडी नव्हती. शेण थापून, अर्धपोटी राहून, चार मुले पुरून जी बाई जगली तिला एकदा घराबाहेर पडून, बायकांबरोबर गात, नदीला जायचे होते. वारीचे हे सुख इरावतीबाईंना लिहिता आले, कारण त्यांना परत यायला घर होते आणि पुढे जायला दार होते. रमाबाईंच्या बाजूने हा नकार काय होता, हे आपल्या साहित्यात अजून नीट लिहिले गेलेले नाही. आपल्या म्हणजे दलित साहित्यात. तेथे दुसऱ्याला बोल लावता येणार नाही.

गावाकडे वळते. काही वर्षांपूर्वी आषाढी झाल्यावर एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाबरोबर मी पंढरपूरला गेले होते. दोन याद्या लागल्या होत्या. एक वाळवंट-सफाईची, दुसरी रांगेतल्या भाविकांना पाणी वाटण्याची. याद्या कोणी जातवार केल्या नव्हत्या. पण वाचताना आडनावे आपोआप दोन बाजूंना पडली. मी विचारले तेव्हा उत्तर आले, "मॅडम, मुलांनी आपण होऊन नावे दिली आहेत." ते खरेही होते. संध्याकाळी सफाईच्या यादीतल्या एका मुलाने मला सांगितले, "पाणीवाटपाला पांढरा शर्ट पाहिजे होता, मॅडम. माझ्याकडे नव्हता." हातमोजे घातलेल्या मुलांचे पुंडलिकाच्या देवळाजवळ छायाचित्र काढले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी नेहमीचे सफाई कामगार काम करीत होते, त्यांचे कोणी काढले नाही. त्यांतल्या एका बाईंना मी विचारले, तुम्ही दर्शन घेतले का? त्या हसल्या. म्हणाल्या, "एकादशीला? ताई, सगळा मुलूख दर्शनाला येतो तेव्हा आमची ड्युटी असते." त्या बाई जन्मापासून पंढरपुरात राहतात.

लाखो माणसे काही दिवसांसाठी एका लहान नदीकाठच्या गावात उतरतात तेव्हा काय होते, याचा हिशोब वारीच्या एकाही ललित लेखात नाही. तो न्यायालयाच्या कागदांत आहे. हाताने मैला काढण्याच्या प्रथेला बंदी करणारा नवा कायदा २०१३ साली झाला. त्यानंतरही पंढरपूरच्या वाळवंटातली घाण आणि ती माणसांकडून उचलवून घेण्याची प्रथा यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, आणि २०१४-१५ मध्ये शौचालये बांधा, वाळवंटात तंबू-राहुट्या नकोत, अशा प्रकारचे आदेश न्यायालयाला द्यावे लागले. त्याच सुमारास, २०१४ च्या जानेवारीत, बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. १९७३ सालच्या कायद्याची ती अखेरची लढाई होती. पुढे मंदिर समितीने इतर जातींतले पुजारी नेमले, बायकाही नेमल्या. वर्तमानपत्रांनी या दुसऱ्या बातमीचे स्वागत अग्रलेख लिहून केले. पहिली आतल्या पानावर राहिली. गाभाऱ्यातली जात मोडली तर ती क्रांती, वाळवंटातली मोडायची तर तो नगरपालिकेचा विषय. वाळवंटाला ज्ञानोबा-तुकोबांच्या समतेचे अंगण म्हणणाऱ्या लेखकांनी सकाळी सहा वाजता तेथे जाऊन यावे.

एक माणूस गेला होता. गाडगेबाबा पंढरपूरला येत, कीर्तन करीत, आणि हातात खराटा घेऊन यात्रेतली घाण स्वतः काढीत. देवळात ते जात नसत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांनी येथे बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, शिकणाऱ्या मुलांसाठी. पंढरपूरच्या वाङ्मयात या व्यवहाराला काही स्थान असेल तर ते मला दिसले नाही. वारकऱ्यांच्या मुक्कामाची जागा विद्यार्थ्यांच्या मुक्कामाची झाली. 'दुसरे पंढरपूर' या शब्दांचा अर्थ विटा-चुन्यात पाहायचा असेल तर तो येथे पाहता येतो.

रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, आणि त्याचे वैष्णवीकरण मागाहून झाले, ही ढेऱ्यांची मांडणी आता बरीच मान्य झाली आहे. बहुजनांचा देव वर कसा नेला गेला याचा एवढा पुरावा दुसऱ्या कोणी गोळा केलेला नाही. माझा आक्षेप पुराव्याला नाही, नावाला आहे. धनगरांच्या देवाला वेदांचे वस्त्र चढवले आणि मग धनगराला दारात रांगेत उभे केले, तर त्याला समन्वय का म्हणावे? दोघांच्या संमतीने झाला तर तो समन्वय. येथे दुसऱ्या पक्षाला कोणी विचारल्याची नोंद आहे काय? ढेऱ्यांचा पुरावा वाचला की मनात 'अपहरण' हा शब्द येतो, आणि मुखपृष्ठावर 'महासमन्वय' दिसतो.

आणि येथे आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळातली बुद्धमूर्ती आहे, असे प्रतिपादन केले आणि आपण त्यावर लिहिणार असल्याचे सांगितले. पुढे दोन वर्षांतच ते गेले. ते पुस्तक झाले नाही. विठ्ठलाला बौद्ध अवतार मानण्याची खूण संतांच्या अभंगांत आहे, ढेऱ्यांनीही तिची दखल घेतली आहे. आपण मात्र गेली सत्तर वर्षे हे विधान व्यासपीठावरून टाळ्यांसाठी उच्चारत आहोत. टाळ्या पडतात. पुढे काही होत नाही. देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके ११९५ पासूनच्या देणग्यांची नोंद सांगतो. भाविक त्याला पाठ घासतात, म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनी चुकतात. होयसळांच्या कानडी लेखात पंढरपूर येते ते 'पंडरगे' या नावाने. हे वाचायला जुनी कानडी लागते, पाली लागते, मोडी लागते. माझ्या विद्यार्थ्यांत दोघांनी यंदा मोडीच्या वर्गात नाव घातले आहे. कानडीसाठी सोलापुरात कोणी शिकवणारे मिळते का, याचा शोध चालू आहे. वाचकांपैकी कोणास माहीत असल्यास त्यांनी कळवावे.